सोळावा दिवस

आमच्या पडवीत सध्या तीन पाट एकावर एक रचून ठेवले आहेत. शेजारी भिंतीला आडवा बांबू बांधलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, गणपतीची तयारी आतापासूनच सुरू झाली. खरं म्हणजे ती एसटीची पहिली पायरी आहे. वहिनी कुडाळच्या स्टँडवर गेली, उभ्या गाडीच्या पायरीला टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजून आली. कंडक्टरने विचारलं म्हणे, "काय गो बाय, गाडी विकत घेतंस की काय?" मग तेवढ्या उंचीचे पाट रचले. सकाळ-संध्याकाळ भाऊ बांबू धरून त्यावर डावा पाय ठेवतात आणि उजवा ओढून घेतात. उजवा अजून ऐकत नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. वय 72, शुगर सोळा वर्षांची जुनी. वैशाखात पहाटे अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. नऊ दिवस ॲडमिट होते. सत्तरीवरच्यांचं वय वंदना कार्ड काढलेलं होतं, त्यामुळे खिशाला हात लावावा लागला नाही, हे आधी सांगून टाकतो. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या नावांखाली एकच ओळ होती: फिजिओथेरपी सुरू ठेवावी. कुठे, कोणाकडे, किती दिवस आणि कोणाच्या पैशाने, यातलं काहीच नव्हतं. त्या एका ओळीवरून आमच्या घरात जो वाद पेटला, तो इथे लिहितोय.

वाद घालणारे दोघेही घरचेच. एक अण्णा, भाऊंचे धाकटे भाऊ. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागले आणि 34 वर्षांनी आरोग्य खात्यातूनच निवृत्त झाले. दुसरी त्यांची सून, माझी वहिनी. फिजिओथेरपिस्ट आहे, कुडाळात छोटा दवाखाना आहे, दुपारनंतर स्कूटरवरून घरोघर जाते. सासरा-सून एरवी एकमेकांच्या ताटातलं वाढून घेणारी माणसं, पण या विषयावर दोघांचा सूर काही जुळत नाही. अण्णा मालवणीत बोलतात. ते मी जमेल तेवढं सरळ करून लिहिलंय. भाऊंचं मात्र तसंच ठेवलंय, कारण आजारानंतर त्यांची वाक्यं मुळातच आखूड झालीत.

सुरुवात झाली एका छापील कागदावरून. अण्णा बाजारातून येताना मोफत फिजिओथेरपी शिबिराचं पत्रक घेऊन आले.

"घे," ते म्हणाले, "भाऊला घेऊन जाऊया. मोठे डॉक्टर येतायत."

"अण्णा, शिबिरात काय होणार?" वहिनी भाऊंच्या मनगटाखाली टॉवेलची घडी सरकवत म्हणाली. "हात वर होतो का बघतील, कागदावर पाच व्यायाम लिहून देतील, बिस्किटाचा पुडा मिळेल. भाऊकाकांना आठवड्यातून चार दिवस कोणीतरी लागतं. तेही सहा महिने. पक्षाघातात पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यातले दोन संपत आले."

"शिबिर नको तर नको. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे की. तुम्ही लोक सरकारी म्हटलं की आधी नाक मुरडता आणि मग म्हणता, सरकार काही देत नाही."

"मी नाक मुरडलेलं नाही. अंतर मोजतेय."

अण्णांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की पुढे शासन निर्णय येतो, हे आम्हाला पाठ आहे.

"ऐक. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात काय लिहिलंय? प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांचा दवाखाना. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा, आणि तिथे पुनर्वसन कार्यकर्ता. जिल्ह्याला दहा खाटांचा वेगळा कक्ष, फिजिओथेरपिस्टसकट. उपकेंद्राच्या माणसाने घरी जाऊन अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला बघायचं, हेसुद्धा त्यात आहे. बीपी-शुगर-लकव्याचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम वेगळा, त्यातही जिल्ह्याच्या क्लिनिकला फिजिओथेरपिस्टचं पद धरलंय. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. अजून काय हवं?"

"माणूस हवा," वहिनी म्हणाली. "आणि तो भाऊकाकांच्या पडवीपासून पाच किलोमीटरच्या आत हवा."

तिने हिशेब मांडला, आणि तो मला खोडता आला नाही. आमची वाडी नेरूरच्या वाटेवर. तिथून कुडाळ, कुडाळहून हमरस्त्याने ओरोस. एसटीने जायचं तर भाऊंना अर्धं तिकीट, कारण ते 65 ते 75 मध्ये बसतात. आईला महिला सन्मानचं अर्धं. एवढ्या सवलतीत दोघं जवळजवळ एका तिकिटात जाऊन येतील. पण पहिली पायरी चढता आली तर. चढता येत नाही म्हणून स्पेशल रिक्षा करायची, ती थांबवून ठेवायची, मधल्या वेळेत आईने बागेतलं आणि गोठ्यातलं सोडायचं. फुकट उपचारासाठी दर खेपेला आठशे-हजाराची फोडणी. आठवड्यातून चार वेळा.

"एसटीचं तिकीट सरकारने अर्धं केलं," ती म्हणाली, "पायरी अर्धी केली नाही."

भाऊ इतका वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, "माका एसटीत चढाक येवक होया. बाजारात जावचा हा."

आठवड्याचा बाजार, तिथला एक ठरलेला चहावाला आणि तिथे जमणारे चार जुने दोस्त, एवढंच त्यांचं ध्येय आहे. वहिनीच्या वहीत पहिल्या पानावर तेच लिहिलंय. इतर रुग्णांच्या पानांवरही असंच काही असतं: 'विहिरीवरून एक कळशी', 'देवळाच्या पायऱ्या', 'नातवाला कडेवर'. डॉक्टरी फायलीत जे 'पॉवर 3/5' असतं ते हिच्या वहीत कळशी होऊन येतं. मला ती वही फार आवडते.

अण्णांनी कार्डाचा विषय काढला. पाच लाखांचं संरक्षण, आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला. जीवनदायी योजना 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2020 पासून ती आयुष्मान भारतशी जोडून चालते, आणि दीड लाखाचे पाच लाख झाले, हा सगळा इतिहास त्यांनी एका दमात सांगितला. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो फुकाचा नव्हता. पूर्वी आमच्याकडे मोठं दुखणं आलं की गाडी थेट बांबोळीला जायची. गोव्याचं मेडिकल कॉलेज हाच सिंधुदुर्गाचा दवाखाना होता. जानेवारी 2018 पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा इथे केवढा गहजब झाला, ते मला आठवतंय. त्यानंतर ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. अण्णांच्या मते ही सगळी एका दिशेने चाललेली गाडी आहे, फक्त सावकाश.

"पाच लाख खरे," वहिनी म्हणाली. "पण माझ्या चारशे रुपयांना त्यात जागा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पेशंट खाटेवर आहे तोवर कार्ड चालतं. घरी आल्यावर महात्मा फुले योजनेत दहा दिवसांचा पाठपुरावा, आयुष्मान भारतमध्ये पंधरा. तोसुद्धा औषधं आणि तपासणीचा. उद्या भाऊकाका पडले, खुबा मोडला, तर हेच कार्ड ऑपरेशनसाठी लाखभर रुपये आनंदाने देईल. ते पडू नयेत म्हणून जे करायचं, त्याला देणार नाही. सोळाव्या दिवशी हा माणूस योजनेच्या दृष्टीने बरा झालेला असतो. माझ्याकडे लोक येतात ते सोळाव्या दिवशी."

तिच्या दवाखान्यात बसण्याचे अडीचशे, घरी जाण्याचे चारशे. आमच्याकडून ती घेत नाही आणि त्यावरून आईचं नि तिचं दर आठवड्याला भांडण होतं. पण बाकीच्यांचं काय होतं ते तिने सांगितलं. पहिल्या आठवड्यात घरचे उत्साहात असतात. मुंबईचा मुलगा फोनवरून पैसे पाठवतो. माणूस धरून उभा राहतो, काठी घेऊन चार पावलं टाकतो, सगळे व्हिडिओ काढतात. आणि नेमकं तिथे थांबवतात. 'आता चालायला लागले, मॅडम, घरीच करून घेऊ.' पुढे महिन्या-दोन महिन्यांत खांदा आखडतो, पाऊल खाली लोंबायला लागतं, माणूस संडासापर्यंत जातो आणि तेवढाच राहतो.

"सहाव्या-सातव्या खेपेला पैसे संपतात असं नाही," ती म्हणाली. "सातवी खेप कशासाठी, हे घरात कोणाला पटवता येत नाही. ऑपरेशनला पावती असते, टाके असतात. मी काय करते? परातीत कुळीथ पसरते आणि बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायला लावते. बघणाऱ्याला वाटतं, चारशे रुपये देऊन कुळीथ निवडून घेतायत."

(जाता जाता: हे कुळीथ निवडणं तिच्या भाषेत व्यवसायोपचाराच्या प्रांतातलं. त्या विद्येची आपल्याकडची पहिली शाळा 1950 मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून इकडच्या झाल्या. एवढी जुनी विद्या, आणि कुळीथ निवडण्याचे पैसे का द्यायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही.)

वहिनीची धाकटी बहीण मेलबर्नला असते. तिच्या नवऱ्याला चाळिशीतच शुगर निघाली. तिकडे घरच्या डॉक्टरने जुनाट आजाराचा आराखडा करून दिला की वर्षाला पाच भेटींना सरकार हातभार लावतं. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, पायाची निगा राखणारा पॉडियाट्रिस्ट, सगळे मिळून पाच. वरचा फरक बहुतेक ठिकाणी खिशातून भरावा लागतो.

"पाच?" अण्णा हसले. "अख्ख्या वर्षात? मग ऑस्ट्रेलियाचं कौतुक काय सांगतेस? इकडे तू आठवड्याला चार म्हणतेस."

"पाच कमीच आहेत, बहीणपण तेच म्हणते. पण तो पाचाचा आकडा कुठेतरी लिहिलेला आहे. त्या पाचांच्या जागी दहा करा म्हणून भांडता येतं. आपल्याकडे शून्यसुद्धा लिहिलेलं नाही. भांडायचं कशाशी?"

यावर अण्णा उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. पण ते परत आले तेव्हा हातात एक सुरळी होती. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरून घेते, त्याची झेरॉक्स. हा माणूस निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी कोरे फॉर्म जपून ठेवतो.

"लिहिलेलं नाही म्हणालीस ना? हे वाच."

वहिनीने वाचलं, मीही वाकून वाचलं. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, हे सुरुवातीला. पुढे: तळहाताला-तळपायाला वारंवार मुंग्या येतात का. तळव्याला पुन्हा पुन्हा जखम होते का. हाताने वस्तू धरायला त्रास होतो का. साठीच्या वरच्यांसाठी आणखी: उभं राहताना, चालताना तोल जातो का. जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का.

मी थक्क झालो. भाऊंचं सगळं दुखणं त्या कागदावर होतं, फक्त नाव घालायचं बाकी होतं. सरकारला प्रश्न विचारायचे कळत नाहीत, असं मी आजवर समजत होतो.

"आता बोल," अण्णा म्हणाले. "विचारलंय की नाही? तुमचे लोक आशाला दारातून वाटेला लावतात, 'आमचं सगळं ठीक हा' म्हणून. केसपेपर काढत नाहीत. कार्यक्रमात पद आहे, पण रजिस्टरात रोगीच नाही, तर ते पद भरावं असं वर कोणाला वाटेल? मी 34 वर्षं बघितलंय. आकडा गेला तर माणूस येतो. उशिरा येतो, पण येतो. खाजगीत चारशे रुपये देऊन गप बसलेला रोगी सरकारला दिसतच नाही."

वहिनी फॉर्म उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "प्रश्न चांगले आहेत, अण्णा. याचं उत्तर 'हो' आलं की पुढे काय? आशाताईने 'हो'वर खूण केली, समुदाय आरोग्य अधिकारी बाईंनी ती ऑनलाइन भरली. शुगर असेल तर गोळी आहे, बीपी असेल तर गोळी आहे. तोल जात असेल तर काय द्यायचं? ती बिचारी एकटी लसीकरण बघणार, गरोदर बाया बघणार, अहवाल भरणार, की भाऊकाकांना पाटावर चढवणार? आणि तुमचा आकडा वर जाऊन माणूस खाली येईपर्यंत दोन वर्षं जातील. मेंदू दोन वर्षं थांबत नाही."

इथे माझा कल वहिनीकडे झुकला, हे मान्य करतो. अण्णांचं खातं वर्षांनी मोजतं आणि ते चूक नाही. वहिनी आठवड्यांनी मोजते, कारण लुळा स्नायू आठवड्यांनी मोजतो. दोघांची घड्याळंच वेगळी. तरी अण्णांच्या आग्रहामुळे आम्ही एक गोष्ट केली. रिक्षा करून भाऊंना एका सरकारी रुग्णालयात नेलं, केसपेपर काढला, शुगर-बीपीच्या रजिस्टरात नाव घातलं. गोळ्या मिळाल्या. तिथला फिजिओथेरपिस्ट ठरावीक दिवशीच येतो असं कळलं. आमच्या नशिबाने तो दिवस तोच होता. तरुण मुलगा, बाहेर रांग. त्याने भाऊंना दहा मिनिटं दिली आणि त्या दहा मिनिटांत आईला एकच गोष्ट शिकवली: लुळा हात धरून माणसाला ओढून उठवायचं नाही. खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा खोबणीतून खाली सरकतो. काखेत हात न घालता कमरेला पट्टा बांधून पुढे झुकवून उठवायचं.

हे वहिनी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. आई ऐकत नव्हती. पुतणसुनेने सांगितलेलं घरचं, सरकारी डॉक्टरने सांगितलेलं खरं. त्या दिवसापासून आमच्याकडे कमरेला जुनी पंचाची पट्टी बांधली जाते. वहिनीने यावर काही म्हटलं नाही, फक्त अण्णांकडे बघून हसली. अण्णांनी तो गुण आपल्या खात्यावर मांडला.

पैशाच्या वाटेवर दोघांचं सर्वांत जास्त वाजलं. वहिनीचं म्हणणं, डिस्चार्जबरोबर रुग्णाच्या हातात वीस भेटींच्या चिठ्ठ्या द्या. तालुक्यातल्या कोणत्याही नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडे चालतील, दर सरकारने ठरवावा, कमी ठरवला तरी चालेल. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी निरामय विमा आहे, त्यात एक लाखाच्या मर्यादेत बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीसुद्धा बसते. म्हणजे असं होऊच शकत नाही असं नाही.

"चिठ्ठ्या वाटल्यास," अण्णा म्हणाले, "तर कागदावर चाळीस भेटी आणि पायाला चार. मी बिलं तपासलीत गो. त्यापेक्षा पद मंजूर करा. पगारी माणूस, तालुक्याला एक, सायकल द्या."

"सायकल?" वहिनीला हसू आवरेना. "पद मंजूर होईल, भरलं जाणार नाही. भरलं तर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. तो बाराव्या महिन्यात पुण्याला जाईल. आणि इथे कुडाळातच बॅरिस्टर नाथ पैंच्या नावाच्या संस्थेचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. पोरंपोरी शिकतात आणि घाट चढून जातात. ती इथे राहावीत असं काहीतरी करा आधी."

दोन्ही बाजूंना बिलं आणि बदल्या यांचा अनुभव असल्यामुळे हा भाग बराच लांबला. तो सगळा लिहीत नाही. वयोश्री योजनेच्या 3000 रुपयांतून घेतलेला गुडघ्याचा पट्टा कपाटात का पडून आहे, हाही एक उपवाद झाला. (भाऊंना तो टोचतो. संपलं.)

पण सायकलीवरून अण्णा भलतीकडेच गेले.

"हसू नको. सायकलनेच केलंय आम्ही. 82-83 ची गोष्ट. कुष्ठरोगाच्या नव्या गोळ्या तेव्हा येऊ लागल्या होत्या, पण गोळ्यांनी जंतू मरतात, मेलेली नस परत येत नाही. ज्याच्या तळपायाला कळत नाही त्याला खिळा रुतला तरी कळत नाही. मग आम्ही काय करायचो? महिन्याला घरी जायचो. पाय धुवायला लावायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे, तासलेल्या दगडाने घट्टे घासायचे, तेल लावायचं, जखम आहे का बघायची. बोटं वाकडी होऊ नयेत म्हणून व्यायाम. आणि चप्पल. एमसीआरची, मऊ काळ्या रबराची, मागे पट्टा असलेली, खिळा एकही नाही. पावलाचा आकार कागदावर काढून न्यायचा, त्या मापाची चप्पल घेऊन परत जायचं. सगळं फुकट. रोगी आयुष्यभराचा, काम आयुष्यभराचं."

पडवीत कोणी बोलेना. वहिनीने भाऊंचा उजवा पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवला. ती दर आठवड्याला कापसाचं टोक आणि नायलॉनची एक बारीक तार घेऊन तळपाय तपासते. भाऊंनी डोळे मिटायचे आणि तार लागली की 'हां' म्हणायचं. लकव्याच्या आधीपासूनच दोन्ही तळव्यांवर बऱ्याच जागी 'हां' येत नाही. गेल्या महिन्यात टाचेच्या भेगेत बाभळीचा काटा निघाला होता. किती दिवसांचा होता, देव जाणे.

"अण्णा," ती म्हणाली, "हा तोच पाय आहे."

"कुठला?"

"तुमचाच. कुष्ठरोगाचा नाही, शुगरचा. पण तळव्याला कळत नाही ते तसंच, जखम तशीच, पाय कापायची पाळी येते तीही तशीच. त्याला चप्पल होती, महिन्याला माणूस येत होता. याला का नाही?"

अण्णांना लगेच उत्तर आलं नाही. खात्याची बाजू घेणारा माणूस गप्प झाला की घरात कसंतरीच वाटतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याला घरात कोणी घेत नव्हतं. गोठ्याच्या मागे झोपडी बांधून ठेवायचे. त्याच्या पायाला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सरकारने हात लावला. शुगरवाल्याला घर असतं. बायको असते."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. ती सगळं ऐकत होती.

"बायको असते म्हणजे काय ते मला विचारा. पहाटे पाचला उठून यांचा हात पन्नास वेळा वरखाली करते. पाय धुते, कोरडे करते, बोटांच्या मध्ये बघते. कमरेला पट्टी बांधून उठवते. माझ्या कमरेचं काय? माझ्या गुडघ्याचा केसपेपर कोणी काढायचा?"

आईचं वय 68. तिच्या गुडघ्याबद्दल या घरात त्या दिवसापर्यंत कोणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच. मी महिन्यातून एकदा ठाण्याहून कोकणकन्येने येतो, पाट मोजतो आणि परत जातो. वहिनीने खुर्ची ओढली आणि आईला बसवलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकवायला सांगितलं. आतून करकर ऐकू आली, मलासुद्धा.

"काकी, वहीत तुमचं पान उघडते. काय लिहू? काय करायचंय तुम्हाला?"

आईला प्रश्न कळला नाही. मग कळला. "खाली बसून भात लावायचाय," ती म्हणाली. "यंदा नाही जमलं."

वहिनीने लिहिलं. अण्णा मात्र अजून पायावरच अडकले होते. एमसीआरची शीट कुडाळात मिळते का, कोल्हापुराहून मागवावी लागेल का, आपल्या वेळचा चप्पल करणारा गेला, त्याचा मुलगा करतो का, असं स्वतःशीच चाललं होतं. मग त्यांनी कालचं वर्तमानपत्र घेतलं, पडवीच्या फरशीवर पसरलं आणि खिशातली पेन्सिल काढली. वहिनीने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून भाऊंना उभं केलं. एकेक पाऊल कागदावर ठेवलं. अण्णा 67 वर्षांचे, खाली वाकून पेन्सिल उभी धरून टाचेपासून सुरुवात करत होते, अंगठ्याला वळसा घालून परत टाचेकडे. पेन्सिल तळव्याला चाटून जात होती. भाऊ खाली बघत होते, त्यांना काही लागत नव्हतं.

दोन्ही पावलं काढून झाली तेव्हा अण्णांनी कागद उचलून धरला. उजव्याची रेघ जरा थरथरली होती.

भाऊंनी बराच वेळ निरखून बघितलं.

"हो माझो पाय?"

"तुझोच," अण्णा म्हणाले, आणि कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी तारीख घातली, नाव घातलं, आणि जुन्या सवयीने त्याच्यापुढे एक अनुक्रमांकही घातला.